मागाचं दुखणं

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी बल्लारपूरच्या घरी भाजी निवडत होते. "मावशी, आई गेली... हातमागावर बसल्या बसल्याच," भाचा नीलेश म्हणाला. मूलला पोचले, तर अंगणात बायांची कुजबुज चालली होती, या वयात मागाच्या नादी लागली म्हणून असं झालं. तेव्हा चढलेला राग अजून उतरलेला नाही. काय झालं ते कोणीतरी लिहायला हवं.

सुमनताई पेशानं नर्स. लहानपणी तिच्या हातात कायम सुया आणि लोकर असे. माझा पहिला स्वेटर तिनंच विणलेला. सासरी मात्र ऐकायला मिळालं, "नोकरी करते, हे रिकामे धंदे काऊन?" सुया ट्रंकेत गेल्या. पोंभुर्ण्याकडच्या खेड्यांत बायकांची बाळंतपणं करण्यात तिची उमेदीची वर्षं गेली. निवृत्त झाली आणि ट्रंक उघडली. रंगीत सूत शोधत ती मूलच्या एका विणकाम केंद्रात गेली, तिथं पहिल्यांदा हातमाग चालताना पाहिला. त्या संध्याकाळी फोनवर म्हणाली, "सुई एकेक टाका घेते गं. इथी पाय दाबला का अर्धे धागे उठते, अर्धे बसते, आन् मधातून धोटा पळते. मले हे आधी कोणी काऊन नाई दाखवलं?" वर्षभरात ती शिकली, एक जुना माग घेऊन घरात मांडला. सगळ्यांना चादरी, पंचे विणून दिले, मग स्वतःसाठी मागावर निळी शाल विणायला घेतली.

त्याच सुमारास डावा खांदा दुखू लागला, चालताना दम लागू लागला. "मागानं दुखते, सोडून दे," भाऊजी म्हणाले. डॉक्टरलाही त्यांनी तेच सांगितलं, दिवसभर माग चालवते. ताई म्हणाली, "एकदा ईसीजी काढा ना, साहेब." "आराम करा, बाई," म्हणत त्यानं मलम लिहून दिलं. जन्मभर दुसऱ्यांच्या नाड्या पाहणाऱ्या बाईचं स्वतःच्या छातीबद्दलचं म्हणणं ऐकायला कोणाला वेळ नव्हता! घरी ती म्हणत राहिली, चंद्रपूरले घेऊन चला. भाऊजी म्हणत राहिले, धान निघू दे. शेवटी तिनं एकटीनंच बसनं जायचं ठरवलं... जायच्या आदल्या सकाळी मागावर बसली, ती उठलीच नाही. दुखणं हृदयाचं होतं, आणि घर अजून मागालाच बोल लावतं.

ताईच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी गेले तर खोलीत खुर्च्या मांडलेल्या. जागा हवी म्हणून नीलेशनं ब्लेडनं मागावरचे उभे धागे कापून टाकले होते.

"धागेच तर होते, मावशी."

"तुझ्या आईचे होते."

कोपऱ्यात टाकलेली ती अर्धी शाल मी उचलून आणली. परवा एका लग्नात खांद्यावर घेतली होती. शेजारची बाई आपुलकीनं म्हणाली, "ताई, धागे लोंबून राह्यले. कापून टाका ना."

"कापलेच आहेत," मी म्हटलं.