रिकामा पाळणा नको

गुरुग्रामच्या आमच्या सोसायटीत लोक बाल्कनीत दोनच गोष्टी ठेवतात, कपडे वाळवायचा स्टँड आणि न वापरलेली व्यायामाची सायकल. माझ्या बाल्कनीत लोखंड आहे. केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालो त्या हिवाळ्यात करोल बागेत गाडीचा आरसा बदलायला गेलो आणि भंगारवाल्याच्या ढिगात एक जुना रंधा दिसला. बिडाचा, पात्यावर गंज, पुढच्या गोल मुठीला कुणाच्या तरी तळव्याने आलेली चकाकी. आरसा राहिला, रंधा घरी आला. मागोमाग पटाश्या आल्या, हाताने फिरवायचं ड्रिल आलं, टेबलाला आवळायचा व्हाइस आला. तो व्हाइस पोटाशी धरून लिफ्टमध्ये उभा असताना शेजाऱ्याने विचारलं, "अंकलजी, जिम शुरू कर दिया?" मी हो म्हणालो. खरं काय ते सांगायला आणखी बरेच मजले लागले असते.

या छंदात एक गोम आहे. जुनं हत्यार आणलं की त्याचा गंज काढायचा, पात्याला धार लावायची, मुठीला तेल पाजायचं. त्यासाठी दुसरं हत्यार लागतं. तेही जुनंच हवं, मग त्याचाही गंज काढायचा. अशी दोन वर्षं मी हत्यारांनी हत्यारं दुरुस्त करत होतो आणि घरात एक खुंटीदेखील ठोकली गेली नव्हती.

"तुमचं ऑफिसच घरी आलंय," बायको म्हणायची. "तयारी जोरात, काम शून्य."

मग नोएडाला राहणाऱ्या आमच्या मुलीला दिवस गेले आणि बायकोने डाव टाकला. "नातवंडाच्या बारशाला तुमच्या हातचा पाळणा उभा करून दाखवा. नाही झाला तर बाल्कनी माझी. मी कुंड्या ठेवणार."

मी कुंड्यांवरून तावातावाने भांडलो आणि कबूल झालो. खरं म्हणजे मला फार आनंद झाला होता. आपण केलेल्या पाळण्यात बाळ निजावं, याहून त्या वर्षी मला दुसरं काही नको होतं. पण असलं काही बोलून दाखवायची आमच्या घरात पद्धत नाही.

कीर्तीनगरच्या लाकूडबाजारातून शीशमच्या फळ्या आणल्या. विजेचं यंत्र लावायचं नाही, असा मी पणच केला. तसं मला कुणी सांगितलेलं नव्हतं. मे महिन्याच्या लूच्या झळांमध्ये, डोक्याला ओला पंचा बांधून, मी रंधा मारत होतो. चार खांब झाले, दांडे झाले, खांबांना खाचा पाडून झाल्या. आता दांड्यांची टोकं खाचांत बसवून एकदा पाहावं म्हणून पहिला दांडा उचलला, तेवढ्यात बायको दारात.

"काय करताय?"

"जोडून बघतोय."

"अजिबात नाही. बाळ घरात यायच्या आत पाळणा उभा करायचा नाही. रिकामा पाळणा घरात नको."

"अगं, बघून लगेच सोडवतो."

"सुटे भाग हवे तेवढे करा. जोडायचं नाही."

ही बाई रसायनशास्त्राची पदवीधर आहे. मी तिला तसं सुनावणारही होतो. पण उद्या काही कमीजास्त झालं तर, हा विचार माझ्याही मनात आला आणि दांडा आपोआप खाली गेला. सगळे भाग वर्तमानपत्रात गुंडाळून दिवाणाखाली सरकवले. माप अचूक होतं, काळजीचं कारण नव्हतं.

माप अचूकच होतं, पण मे महिन्याचं. नात जन्मली ऑगस्टच्या चिकचिकाटात. त्यात बाळाला कावीळ निघाली, दवाखान्यातला मुक्काम वाढला आणि मायलेकी आमच्या घरी आल्या त्या थेट बारशाच्या आदल्या दिवशी. मी दिवाणाखालून पाळणा काढला. शीशम पावसाळी हवा पिऊन टम्म फुगलं होतं. एकही टोक खाचेत जाईना.

"बाबा, तो घिसनेवाला आहे ना, त्याने थोडं घिस ना," मुलगी म्हणाली. ती दिल्लीत वाढली, त्यामुळे रंधा या शब्दाशी तिची ओळख नाही. मी टोकं तासत बसलो. रात्र गेली, सकाळ झाली, तीन कोपरे बसले. चौथा अर्ध्यावर अडकला. पुढे जाईना, मागे येईना. दुपारी पाहुणे यायचे होते.

"यार बाबा, ऑनलाइन मागवू या का? दोन तासांत येतो," मुलगी म्हणाली. मी तिच्याकडे असं पाहिलं की ती बाळ घेऊन आत गेली.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून बायको आली. हातात वरवंटा. हा वरवंटा तिच्या आईचा. प्रत्येक बदलीच्या वेळी मी म्हणायचो, मिक्सर आहे, हा धोंडा कशाला वागवायचा? ती साड्यांच्या घडीत तो बांधायची. घरात खरोखर वापरात असलेलं एकुलतं एक जुनं हत्यार ते, आणि जुन्या हत्यारांचा जाणकार मी त्याला धोंडा म्हणत होतो.

"सरका," ती म्हणाली. दांड्यावर फडक्याची घडी ठेवली आणि वरवंटा हाणला. एकदा, दोनदा. तिसऱ्या घावाला टोक खाचेत गेलं आणि त्याच क्षणी खांबाला बोटभर चीर पडली.

"फुटलं," मी म्हणालो.

"बसलं," ती म्हणाली.

मग तिने वरवंटा धुतला, त्याला हळदकुंकू लावलं, कुंची घातली. बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा निजवायची आमची रीत. म्हणजे माझ्या पाळण्यात पहिला निजला तो तिचा वरवंटा. त्यानंतर नात. तिने पंख्याकडे पाहिलं, जांभई दिली आणि झोपली. मी वाकून चीर तपासू लागलो. शेजारणीने कौतुकाने विचारलं, "कहाँ से मँगवाया?"

थंडी पडली, मुलीची रजा संपली आणि ती बाळाला घेऊन नोएडाला गेली. तिकडे बॅटरीवर हलणारा, गाणी म्हणणारा झुला आला होता. आमचा पाळणा गाडीत मावत नव्हता. आणि तो सोडवायचा म्हटलं तर हीटरच्या कोरड्या हवेत तीन कोपरे खुळखुळायला लागले होते, चिरेचा चौथा मात्र हूं की चूं करत नव्हता.

पाळणा हॉलमध्ये उभा राहिला. घर इतकं गप्प झालं की मला रंधा हातात धरवेना. रिकामा पाळणा बायको एक दिवसही ठेवायची नाही, हे मला माहीत होतं. ती भंगारवाल्याला बोलावणार आणि आपल्याला काही बोलता येणार नाही, अशी मनाची तयारी करून मी बसलो होतो.

एका दुपारी भाजी घेऊन आलो, तर हॉल मोकळा. पाळणा बाल्कनीत, माझ्या लोखंडाच्या मधोमध. आत करोल बागेतला तो पहिला रंधा, नातीच्या दुपट्यात गुंडाळलेला, मुठीला कुंची घातलेली. बायको स्टुलावर बसून पाळण्याची दोरी ओढत होती.

"आणि कुंड्या?" मी विचारलं.

"बघू नंतर," ती म्हणाली. "हळू बोला."