कुंभवाडीचे चार खांदे

ओढ्यात पडले तेव्हा आधी बीपीचं मशीन बघितलं. ते कोरडं होतं. मग पायाकडे बघितलं.

"बाई, लगेच उठू नका," यमुना म्हणाली. यमुना आमची आशा. आशा म्हणजे गावातलीच बाई. घरोघरी फिरून कोण गरोदर आहे, कोणाच्या बाळाचा डोस राहिलाय, याची खबर ती उपकेंद्रापर्यंत आणते. आणि उपकेंद्र म्हणजे सरकारी दवाखान्याचं शेवटचं टोक. दोन खोल्या, एक टेबल आणि मी. मी तिथली नर्स, पण डोंगरातली माणसं मला 'बाई'च म्हणतात. मूळची मी महाळुंगे पडवळची, सपाटीवरची. नोकरीमुळे डोंगर चढायला शिकले, उतरायला मात्र नीट कधीच शिकले नाही. पडले तीही ओढ्यात उतरताना, पाचोळ्यावरून घसरून.

घोटा आतल्या बाजूला दुमडला होता. काहीतरी काडकन वाजल्याचं मी ऐकलं होतं, पण यमुनाला सांगितलं नाही. बूट काढला नाही. मुरगळलेल्या पायातला बूट काढला की सूज चढते आणि तो परत जात नाही, हे मी लोकांना सांगत असते. नाडी आवळली, काठी घेतली आणि उठले.

आम्ही निघालो होतो कुंभवाडीला. डिंभ्याच्या धरणाच्या पाण्याला वळसा घालून जीप करंजवाडीच्या अलीकडे सोडते. तिथून पायवाट. आधी करंजवाडी, मग दरेवाडी, मग कडा चढून कुंभवाडी. मधे सगळं जंगल. वर मनीषा नावाची मुलगी होती. पहिलं बाळ, आठवा महिना लागलेला. मागच्या तपासणीत बीपी वाढलेलं सापडलं होतं, पायांना सूज होती. गरोदरपणात बीपी वाढलं की बाई वरून धडधाकट दिसते. भाकऱ्या थापते, पाणी भरते. आत मात्र बाळाला रक्त कमी पडत असतं आणि आईला कधीही झटके येऊ शकतात. यावर घरी उपाय नाही. दवाखान्यात आणून नजरेखाली ठेवावं लागतं.

यमुना तिला आणायला याआधी दोनदा जाऊन आली होती. मनीषाची सासू चिमाबाई हिने दोन्ही वेळा वाटेला लावलं. "आमच्या टायमाला कुटं व्हतं तुमचं बीपी?" यमुना त्यांच्याच भावकीतली सून. पिकतं तिथं विकत नाही, तसं तिचं झालं होतं. म्हणून मी निघाले होते. सकाळी आमच्या डॉक्टरांना फोन केला.

"सिस्टर, काहीही करून आज तिला खाली आणा," डॉक्टर म्हणाले. "घोडेगावच्या हॉस्पिटलला मी कळवून ठेवतो. आणि तिला चालवू नका."

"नाही चालवणार, सर. डोलीतून आणते."

डोली म्हणजे आमच्या डोंगरातली ॲम्ब्युलन्स. एक लांब बांबू, त्याला झोळीसारखी बांधलेली जाड चादर किंवा घोंगडं. एक माणूस पुढे, एक मागे, आणि खांदा बदलायला आणखी दोन. बांबू आणि चादर कुठेही मिळते. मिळत नाहीत ती माणसं.

करंजवाडीत पोचेपर्यंत घोट्याचा आंबा झाला होता. एका म्हातारीने ओट्यावर बसवलं आणि बुटाच्या वर सुजलेल्या भागाला गरम आंबेहळदीचा लेप लावला. लोकांना 'असले लेप लावत बसू नका' म्हणून भाषण देणारी मी, मुकाट्याने लावून घेतला.

"माघारी फिरा, बाई," म्हातारीचा नवरा म्हणाला. "जीप अजून गेली नसंल."

"वर पेशंट आहे, बाबा."

"आन तुमी कोण हाये?"

मी हसले. त्याने विचारलेलं बरोबर होतं, हे कळायला मला दिवस मावळावा लागला.

दरेवाडीत यमुनानेच विषय काढला. "बाई, तुमी हितंच बसा. मी जाते. डोली बांधूनच घेऊन येते मनीषाला."

"तुझं ऐकते का चिमाबाई?"

यमुनाने मला उठायला हात दिला. मला तिचा राग आला नव्हता, पण बोलले तसंच. पुढची चढण मी काठी, दगड आणि यमुनाचा खांदा यांच्या जोरावर काढली. पाऊल टेकलं की कळ मांडीपर्यंत जायची. तोंडाने आकडे मोजत होते, कारण शिव्या देणं बरं दिसलं नसतं. वाटेत एक बाई सरपणाचा भारा घेऊन उतरत होती. ती थांबली आणि यमुनाला म्हणाली, "जिद्द हाय बाईची." मला ते ऐकून बरं वाटलं. खोटं कशाला बोलू. पुढची दोन वळणं मी त्या एका वाक्यावर चढले.

कुंभवाडी रिकामी होती. हिरड्याचा हंगाम होता. या दिवसांत हिरड्याची कोवळी फळं झाडांवरून उतरवतात, वाळवतात आणि विकतात. डोंगरातल्या घरांना तो मोठा आधार. त्यामुळे दिवसा वाडीत म्हातारी माणसं आणि कोंबड्या. बाकी सगळे लांब रानात, झाडांवर. धडधाकट गडी म्हणाल तर मनीषाचा नवरा सुनील, आणि दुपारची भाकरी खायला आलेले त्याचे तीन भाऊबंद. चौघे. मी मनातल्या मनात मोजले आणि म्हटलं, चला, डोलीपुरते आहेत.

मनीषा अंगणात हिरडा पसरत होती. मला बघून धावत आली, पाणी आणलं, पायाखाली उशी सरकवली. मी तिला बसवलं आणि पट्टा बांधला. बीपी मागच्यापेक्षा बरंच वर होतं. लघवी तपासायची पट्टी असते, तिचा रंग बदलला की प्रोटीन जातंय असं समजायचं. रंग चांगलाच बदलला.

"डोकं दुखतं का गं?"

"दोन दिस झालं ठणकतंय. उन्हानं आसंल."

ऊन नव्हतं ते. मी चिमाबाईकडे वळले. वाटेत भाषण तयार करून ठेवलं होतं. त्यातलं एक वाक्यही लागलं नाही. चिमाबाई माझ्या पायाकडेच बघत होती.

"आमच्या पोरीपायी पाय मोडून आल्या, बाई. आता मी नाय म्हनत न्हाई. न्या तिला."

यमुनाला जे दोन खेपांत जमलं नाही, ते माझ्या सुजलेल्या पायाने एका मिनिटात केलं. मी तर मनात स्वतःची पाठ थोपटली. एवढ्यात सुनील आणि त्याचे भाऊबंद डोली बांधून घेऊन आले, आणि त्यांनी ती माझ्यापुढे ठेवली.

"ही मनीषासाठी," मी म्हणाले.

कोणी हललं नाही. मनीषाचे सासरे देवजीबाबा खाली मान घालून बसले होते. ते म्हणाले, "तुमाला हितं टाकून आमची सून डोलीत न्हेली, तर खालच्या दोनी वाड्यांत आमाला त्वांड दावता येईल का?"

"मी राहते की इथे. उद्या न्या मला."

"आन रातचं तुमाला काय झालं तर? सरकारी मानूस."

"बाबा, मला काही होत नाही. हिला होईल."

मग चिमाबाईने खरं काय ते सांगितलं. "पोटुशी बाई त्या डोलीत नाय घालायची. मागल्या साली माझा दीर हिरड्यावरनं पडला. याच बांबूवरनं गेला. माघारी आला न्हाई. मनीषा चालंल. रोज पान्याला उतरती ती."

रानातली बाकीची माणसं येईपर्यंत अंधार पडला असता, आणि त्या कड्यावरून अंधारात डोली उतरत नाही. दरेवाडीहून गडी मागवावे, तर तेही हिरड्यालाच गेलेले. मी आवाज चढवला. डॉक्टरांचं नाव घेतलं, बाळाचं नाव घेतलं. शेवटी म्हटलं, मी चालते, हे बघा, आणि उठून उभी राहिले. पायाने वजन घेतलंच नाही. मी धपकन खाली बसले, आणि वाद तिथेच संपला. दोन पायांवर उभी असते तर तो मी जिंकले असते. चिमाबाईपेक्षा हट्टी सासवा मी डोलीत घालून आणल्या आहेत.

"मी चालते की बाई," मनीषा म्हणाली. "तुमचा पाय लई सुजलाय."

शेवटी तोडगा निघाला. दरेवाडीपर्यंत डोलीत मी. तिथे मला ठेवायचं, आणि पुढे तिथून मनीषा. दरेवाडी दुसऱ्यांची, तिथे डोलीत बसली तर चिमाबाईच्या डोळ्यांआड. मला तो तोडगा त्या वेळी शहाणपणाचा वाटला. उतार आहे, सावकाश चालेल, वाटेत बसवत नेऊ. उताराला पोटाला किती हिसके बसतात ते मला माहीत नव्हतं असं नाही. पण पाय ठणकत होता, आणि ठणकत्या पायाने माणूस लवकर तडजोड करतो.

डोलीतून फक्त आभाळ आणि कारवीचे शेंडे दिसतात. पुढच्या खांद्यावर सुनील होता. त्याची घामेजलेली मान माझ्या डोळ्यांसमोर होती, आणि मागे त्याच्या बायकोच्या चपलांचा आवाज. मी दर थोड्या वेळाने ओरडायचे, "मनीषा, बस जरा." ती म्हणायची, "बसले, बाई." पुन्हा चपलांचा आवाज. एकदा तो आवाज थांबला आणि पुन्हा सुरूच झाला नाही.

दरेवाडीची घरं दिसत होती. मी डोली खाली ठेवायला लावली. मनीषा वाटेतल्या दगडावर बसली होती, एक हात पोटावर. माझी तपासणीची पिशवी, मशीनसकट, तिच्या खांद्यावर होती. मी यमुनाकडे बघितलं.

"मी कितींदा मागितली, बाई. देईनाच ती," यमुना रडवेली होऊन म्हणाली.

मनीषाच्या पोटावर हात ठेवला. पोट दगडासारखं घट्ट झालं होतं, आणि मधे सैल पडत नव्हतं. कळा अशा नसतात. त्याच जागी डोलीत तिला निजवलं आणि चौघांना म्हटलं, आता थांबू नका. खाली जीप थांबवायला यमुना त्यांच्याबरोबर पळत गेली. मी दोन्ही हातांवर आणि एका पायावर सरकत दरेवाडीच्या पहिल्या घराच्या ओट्यापर्यंत आले आणि तिथे बसून राहिले. ठरल्याप्रमाणे डोली मनीषालाच मिळाली होती. तेवढी वाट चालून झाल्यावर.

दिवस मावळताना डॉक्टरांशी फोनवर बोलणं झालं. दरेवाडीत रेंज एका गोठ्यामागेच मिळते. घरच्यांनी मला धरून तिथे नेलं.

"सिस्टर, आई वाचली," डॉक्टर म्हणाले.

पुढचं मला विचारावं लागलं नाही. वार आधीच सुटली होती. वार म्हणजे गर्भाला रक्त पुरवणारा गोळा. बाळाच्या आधी ती सुटली की बाळ आतच जातं. मुलगी होती.

"चालल्यामुळे झालं का, सर?"

"इतकं बीपी असताना डोलीतही झालं असतं. बेडवरही होतं. सांगता येत नाही."

ते सांत्वन करत नव्हते. पुस्तकात तसंच आहे, मीही वाचलंय. पण 'सांगता येत नाही' हे वाक्य पेशंटच्या नातेवाइकांना सांगायला सोपं असतं. स्वतःच्या उशाशी घेऊन झोपायला फार कठीण.

माझ्या पायाचं हाड चिरलं होतं. प्लास्टर निघाल्यावर पहिल्याच मीटिंगमध्ये वरच्या साहेबांनी मला उभं केलं. मोडक्या पायाने डोंगर चढून यांनी एका आईचा जीव वाचवला, अशी जिद्द सगळ्यांनी घ्यावी, वगैरे. शाल दिली, नारळ दिला. टाळ्या वाजल्या. मी दोन्ही घेतलं आणि खाली बसले. शेजारी आमचे डॉक्टर होते. ते टाळ्या वाजवत नव्हते, आणि त्याबद्दल मी त्यांची आजन्म ऋणी आहे.

मनीषा आता दुसऱ्यांदा गरोदर आहे. या वेळी चिमाबाई स्वतः तिला घेऊन तपासणीला येते, आणि सातवा लागला की घोडेगावला मामाच्या घरी ठेवायचं असं आधीच ठरलंय. त्या दिवसाबद्दल दोघींनी मला एका शब्दाने कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. उलट मनीषा आली की बाकावर टेकायच्या आधी विचारते, "बाई, पाय दुखतो का अजून?"

"थंडीत दुखतो थोडा," मी सांगते आणि तिच्या दंडाला पट्टा बांधते.

आमच्याकडे नवीन सिस्टर आल्या की त्यांना कोणीतरी माझी जिद्दीची गोष्ट सांगतंच. त्या डोळे मोठे करून माझ्याकडे बघतात. मग मी त्यांना बाजूला घेते आणि म्हणते, वाटेत पाय मोडला तर तिथेच बसा आणि धड माणसाला पुढे पाठवा, त्याचं कोणी ऐकत नसलं तरी. मोडक्या पायाची नर्स वर पोचली की वाडीत पेशंट दोन होतात, खांदे मात्र चारच राहतात.