वजा एकतीस हप्ते

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते माझ्या थोरल्या बहिणीचे, ताईचे. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. पण त्या पदवीसाठी तिने पतसंस्थेतून काढलेलं कर्ज तीच फेडत होती. मला गुरुग्रामला नोकरी लागली, तरी म्हणायची, "आधी तिकडचं भाडं भर." तिला बारावीनंतर राहून गेलेला लॅब टेक्निशियनचा कोर्स करायचा होता. त्यासाठी दवाखान्यातली नोकरी सोडावी लागणार. "कर्ज फिटलं की बघू," एवढंच तिचं उत्तर. कधी फिटणार, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

ऑफिसात एक्सेल शिकताना मला 'एनपर' नावाचं फंक्शन सापडलं. व्याजदर, हप्ता आणि मुद्दल दिलं की हप्ते किती लागतील ते सांगतं. शाळेत अशी गणितं मी पानभर रकाने आखून सोडवली होती; इथे एका ओळीत उत्तर! जेवणाच्या सुट्टीत आकडे भरले. महिना एक टक्का, हप्ता पाच हजार, बाकी एक लाख ऐंशी हजार. उत्तर आलं, जवळपास वजा एकतीस.

वजा एकतीस महिने म्हणजे काय? कर्ज अडीच वर्षांपूर्वीच फिटलं? शेजारच्या सहकाऱ्याला विचारलं.

तो हसला. "अरे भाई, किस्त जेब में आ रही है या जेब से जा रही है? माइनस लगा!"

खरंच की. जाणारा पैसा वजा लिहायचा. पण ताईचा पैसा म्हणजे येणारा पैसा, ही माझी कॉलेजपासूनची सवय.

वजा लावलं. ४४.८५. म्हणजे पावणेचार वर्षं. हप्ता आठ हजार करून पाहिला: २५.६२. आता हा पाऊण-अर्धा हप्ता भरतात तरी कसा? राहवेना, म्हणून वहीत महिन्यामहिन्याने मांडून पाहिलं. काही नाही, शेवटचा हप्ता लहान होतो, इतकंच.

फोनवर पैशांचं काढलं की ताई "जेवलास का?" विचारते. म्हणून पत्र टाकलं.

"ती. ताईस साष्टांग नमस्कार.
तुझ्या हप्त्याने अजून पंचेचाळीस महिने लागले असते. या महिन्यापासून आठ हजार मी भरतो आहे, पतसंस्थेत कळवलंय. सव्वीस हप्त्यांत संपेल. शेवटचा तर पाच हजारांच्या आतच आहे. भाडं देऊन मला पुरेसे उरतात. तू राजीनामा दे आणि प्रवेशाचा फॉर्म भर. मुदत महिनाअखेरपर्यंत आहे. फोटो नवा काढ, जुना चालत नाही."