रद्द झालेली वेळ

फॅक्स मशीनमध्ये कागद सरकवण्याआधी आंटी त्यावर बोटाने क्रूस काढायच्या. मग मशीनला एक हलकी चापट मारून समोरच्या पेशंटला सांगायच्या, "कागद गेला. आता त्याच्या मागे मी लागते."

स्कारबरोतल्या एका प्लाझात, पिझ्झाच्या दुकानाला लागून, आधी वेळ न घेता जाता येईल असं एक वॉक-इन क्लिनिक होतं. तिथे त्या रिसेप्शनला बसत. मूळच्या वसईच्या, साठीला टेकलेल्या, नवरा गेलेला, मूलबाळ नाही. आम्ही सगळी मराठी मंडळी त्यांना आंटी म्हणायचो. परदेशात राहिलेल्या तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी अशी बाई पाहिली असेल. तिचा नंबर सगळ्यांकडे असतो आणि वाढदिवस कोणालाच माहीत नसतो.

माझी त्यांची ओळख बाबांमुळे झाली. बाबा नागपूरहून कायमचे राहायला आले ते हृदयाचं जुनं दुखणं आणि रिपोर्टांची जाड फाइल घेऊन. सरकारी हेल्थ कार्डासाठी तीन महिने थांबावं लागलं. कार्ड हातात आलं तेव्हा पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. मी क्लिनिकमध्ये जाऊन रुबाबात विचारलं, "हे कार्ड घेणारे हार्ट स्पेशालिस्ट जवळपास कोण आहेत?"

आंटींनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "कार्ड सगळेच घेतात रे. पेशंट कोण घेतो ते विचार."

कोणीच घेत नव्हतं. क्लिनिकच्या डॉक्टरांनी स्पेशालिस्टच्या नावे रेफरलची चिठ्ठी लिहिली, फॅक्स गेला, आणि उत्तर आलं: सात महिने. इकडे बाबांना बेसमेंटचा जिना चढताना मधेच बसावं लागत होतं. मी भडकलो. "टॅक्स भरतो ना आपण?"

"तुझा नेबरपण भरतो," आंटी म्हणाल्या. "त्याला आठ महिन्यांनंतरची अपॉइंटमेंट मिळालीय. घरी जा, मी बघते."

त्यांचं बघणं म्हणजे काय, ते मला हळूहळू कळलं. परिसरातल्या प्रत्येक हृदयाच्या डॉक्टरांच्या सेक्रेटरीला त्या ओळखत. कोणाचा गुडघा दुखतो, कोणाच्या मुलीचं लग्न ठरलंय, सगळं तोंडपाठ. नाताळात प्रत्येकीला घरी तळलेल्या गोड कुलकुलांचा डबा जायचा. आणि एक नियम त्या प्रत्येक पेशंटला बजावून सांगायच्या, "व्हॉइसमेलवर मेसेज ठेवायचा नाही. मेसेज ठेवला की आपल्याला वाटतं काम झालं आणि त्यांना वाटतं नंतर बघू. माणसाचा आवाज येईपर्यंत फोन करत राहायचं."

त्यांचं खरं हत्यार मात्र बर्फ. रात्रभर बर्फ पडलेला असला की सकाळी त्या अर्धा तास आधी कामावर यायच्या. अशा दिवशी लांबचे पेशंट गाड्या काढत नाहीत, अपॉइंटमेंट रद्द करतात. आंटी एकेका ऑफिसला फोन लावून त्या रिकाम्या वेळा जवळपासच्या पेशंटना वाटून टाकायच्या. "कॅन्सल झालेली वेळ वाया घालवू नये," त्या म्हणायच्या. "अन्न टाकल्यासारखं वाटतं."

फेब्रुवारीतल्या अशाच एका सकाळी आमचा फोन वाजला. "बाबांना दोन स्वेटर घाल, ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल कर, साडेदहाला पोच. ना म्हणू नको." आम्ही पोचलो. डॉक्टरांनी बाबांना तपासलं आणि तिथूनच हॉस्पिटलमध्ये पाठवलं. त्यानंतर बाबा सहा वर्षं जगले, आणि ती सहाही वर्षं त्यांनी इथल्या भाजीला चव नसल्याची तक्रार केली.

मग मी आंटींचा नंबर वाटत सुटलो. ऑफिसातल्या मित्रांना, मंडळातल्या लोकांना, थेट ओटाव्यातल्या मावसभावालाही. लोक त्यांना जेवायच्या वेळी फोन करत, रविवारी चर्चच्या दारात गाठत. तुमची तब्येत कशी आहे, असं कोणी विचारल्याचं मला आठवत नाही. मीही विचारलं नाही.

पुढे क्लिनिकमध्ये नवीन कॉम्प्युटर आले. चिठ्ठ्या आपोआप जायला लागल्या आणि आंटींची गरज संपली. निरोपाचा केक आणला होता म्हणे. "मीच कापला, मीच वाटला आणि प्लेट्सपण मीच धुतल्या," असं सांगून त्या खूप हसल्या होत्या.

वर्षभराने एका रविवारी दुपारी त्यांचा फोन आला.

"तुला एक काम सांगू? ग्रोसरीच्या पिशव्या उचलल्या की छातीवर दाब येतो रे. क्लिनिकमधून तुझ्या बाबांच्याच डॉक्टरकडे रेफरल गेलाय. दोन महिने झाले, काही उत्तर नाही. तू जरा फोन लावशील?"

"आंटी, तुम्हीच लावा ना. तुमचा आवाज ऐकला की लगेच वेळ देतील."

"दुसऱ्यासाठी कितीपण भांडेन. स्वतःसाठी मागायला जीभ रेटत नाही. ती सेक्रेटरी म्हणेल, ओळखीचा फायदा घेते."

"बरं, करतो," मी म्हणालो.

केलाही. सोमवारी, दोन मीटिंगांच्या मधल्या पाच मिनिटांत. पलीकडे मशीन लागलं. मी सुंदर इंग्रजीत निरोप ठेवला, त्यांचं नाव सांगितलं, माझा नंबर दिला, आणि काम झालं असं मला खरोखर वाटलं. मेसेज ठेवायचा नाही, हा आंटींचा नियम मी स्वतः दहा जणांना शिकवला होता.

गुरुवारी आंटींनी विचारलं, "लागला का फोन?"

"हो, मेसेज ठेवलाय."

"बरं," त्या म्हणाल्या. "थँक यू हां."

मला रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढच्या मंगळवारी गुडघाभर बर्फ पडला. ऑफिस बंद. मी ड्राइव्हवे साफ केला, आल्याचा चहा दोनदा प्यालो आणि दुपारी मस्त झोपलो. त्या दिवशी कुठल्या ऑफिसात कोणत्या वेळा रिकाम्या पडत असतील, हा विचार माझ्या मनाला शिवलाही नाही. आंटींचं घर त्या डॉक्टरांपासून बसने दहा मिनिटांवर होतं.

शनिवारी आंटी गेल्या. त्यांच्या बिल्डिंगच्या लाँड्री रूममध्ये, ओले कपडे ड्रायरमध्ये टाकताना.

चर्च खच्चून भरलं होतं. अर्धे लोक असे, ज्यांना आंटींनी कधी ना कधी वेळ मिळवून दिली होती. जो तो म्हणत होता, "किती अचानक!" मीही म्हणालो. त्यात अचानक काहीही नव्हतं. फोन कसा करायचा ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, कारण ते आम्हाला त्यांनीच शिकवलं होतं. आणि छातीवर दाब येतो, हे आंटींनी सांगितलं होतं ते एकट्या मला.

तीन आठवड्यांनी ऑफिसात माझा फोन वाजला. डॉक्टरांची सेक्रेटरी होती. माझा निरोप मिळाला होता, पुढच्या महिन्यातली वेळ दिली होती. त्या आता नाहीत, मी सांगितलं. कोण त्या, हेही सांगितलं.

"क्लिनिकमधली? कुलकुल पाठवणारी?" तिने इंग्रजीत विचारलं. "मला तिचं आडनाव माहीतच नव्हतं. तिने स्वतः फोन का नाही केला? त्या बर्फाच्या दिवशी माझ्याकडे तीन अपॉइंटमेंट रिकाम्या गेल्या."

स्वतःसाठी मागायला त्यांची जीभ रेटत नव्हती, मी सांगितलं.

"मग ही अपॉइंटमेंट कॅन्सल करू?" तिने हळूच विचारलं. "का दुसरं कोणी आहे तुमच्याकडे? तिच्याकडे नेहमी कोणीतरी असायचं."

मी आठवून पाहिलं. मला एकाही आजारी माणसाचं नाव आठवलं नाही.