उघड्या दाराचा हॉल

ती घटना आठवली की आजही सर्वांत आधी डोळ्यांसमोर येतं ते एक दार. साधं, लाकडी, कडी नसलेलं. माझ्या निवृत्तीला थोडेच महिने उरले होते आणि भाईंदर पूर्वेच्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. मे महिन्यातल्या एका सकाळी रुग्णालयातून एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवावंच लागतं अशा रुग्णाची, खबर आली. चाळिशीतली महिला, बेशुद्ध, उष्माघाताचा संशय. मला वाटलं, उन्हात चक्कर येऊन पडली असेल. ठाणे अंमलदार म्हणाला, "नाही साहेब, योगा करताना पडली. हॉलमध्ये हीटर लावून करतात म्हणे." भाईंदरमध्ये मे महिन्यात घाम यावा म्हणून लोक फी भरतात, हे मला नवीन होतं.

ही बाई दादरहून आमच्या हद्दीतल्या जेसल पार्कला राहायला आलेली, एका ऑफिसात नोकरी करणारी. नवरा अतिदक्षता विभागाबाहेर बसला होता. मला बघून उठला आणि पहिलंच वाक्य बोलला ते असं, "साहेब, ते योगावाले सर सगळ्यांना सांगतायत, हिने बीपी लपवलं. हिला काहीच आजार नाहीये. ही उठली नाही तर लोक तेच खरं धरतील." बायको जाते की राहते हे ठाऊक नसताना त्या माणसाला तिच्या नावाचीही काळजी होती. ते मला लागलं.

क्लासच्या हॉलवर पंचनाम्याला गेलो. खिडक्या जाड प्लास्टिकने बंद केलेल्या, भिंतींवर हीटर. दार मात्र नुसतं ढकललं की उघडत होतं. क्लासला येणारे साधक बहुतेक आसपासच्या इमारतींतले, एकमेकांच्या ओळखीचे. एकेकाला बोलावून जबाब घेतले. प्रत्येक जण म्हणाला, "दार उघडंच होतं. कोणीही बाहेर जाऊ शकत होतं." सगळे जबाब एका सुरात आले की पोलिसाने खूश व्हायचं नसतं.

संध्याकाळी ठाण्यात फोन आला. क्लासच्या रिसेप्शनवर बसणारी मुलगी, उत्तनजवळच्या चौक गावची. दबक्या आवाजात म्हणाली, "साहेब, दार उघडं हाय, पन मधी कोन बाहेर जात न्हाय. का ते तिच्या बाजूच्या मॅटवालीला विचारा. माझं नाव घेऊ नका, नोकरी जाईल."

आधी योगाच्या सरांना चौकशीला समोर बसवलं. पांढरे कपडे, शांत चेहरा.

"ही हजारो वर्षांची हिमालयातली विद्या आहे," ते म्हणाले.

"हिमालयात हीटर होते का?"

ते हसले नाहीत. तुम्ही कोणाकडे शिकलात, विचारलं. एका शिबिरात. शिबिर घेणारे कुठे शिकले? परदेशात. आणि त्यांना कोणी शिकवलं? ते ठाऊक नव्हतं. आम्ही असे मागे मागे जात राहिलो, पण हिमालय काही आला नाही. आसनं जुनी असतील, खोली तापवायची रीत मात्र अलीकडची निघाली. थंड मुलखात खोली तापवत असतीलही, पण खाडीकाठच्या दमट हवेत तेच करायचं तर काय होईल, याचा विचार कोणीच केला नव्हता.

"डॉक्टरांना विचारलं होतं?"

"घेरी येते म्हणजे शरीरातलं विष निघतंय. त्यात डॉक्टर काय सांगणार?"

माणूस लबाड नव्हता. प्रत्येक बॅचला स्वतःही त्याच गरमीत उभा राहायचा. लबाडाला पकडणं सोपं असतं, तो कुठेतरी चुकतो. या माणसाचा आपल्या बोलण्यावर विश्वास होता आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

बाजूची मॅटवाली म्हणजे त्या आजारी बाईची समोरच्या दारातली शेजारीण. तिनेच हिला क्लासला नेलं होतं. तिला ठाण्यात न बोलावता महिला हवालदाराला घेऊन मी तिच्या घरी गेलो. तिने चहा ठेवला. मी एवढंच विचारलं, "त्या पडायच्या आधी दाराकडे बघत होत्या का?"

ती खाली बसली. बराच वेळ रडली. मग म्हणाली, "मध्येच कोणी बाहेर गेलं ना, की सर सगळ्यांना परत पहिल्यापासून करायला लावतात. एकाने साखळी तोडली की सगळ्यांची तुटते, म्हणतात. त्या दिवशी आधीच एक जण गेली होती. आमचं परत सुरू झालेलं. हिने मला खुणेनं विचारलं, जाऊ का? मी मान हलवली. नको म्हटलं. मला ऑफिसला उशीर होत होता."

"हे लिहून घेऊ?"

"घ्या. ती खोटं बोलली असं लोक बोलतायत. ते तरी थांबू दे."

मग बाकीच्यांचेही पुरवणी जबाब वेगळे आले. डॉक्टरांच्या कागदांतही जुना आजार कुठे नव्हता. निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल झाला, हॉल बंद झाला. पुढचं न्यायालयात आहे, त्यावर मी बोलणार नाही. कारवाईच्या वेळी सरांनी मला विचारलं, "पण दार तर उघडं होतं ना?" अगदी मनापासून विचारलं.

योगाबद्दल मला आदर आहे. माझे वडील गच्चीवर उघड्या हवेत आसनं करायचे, दमले की थांबायचे. पण कोणी 'हे फार जुनं आहे' म्हणालं की मी आता 'किती जुनं आणि कोणाकडून' असं विचारतो. आणि 'चार लोक काय म्हणतील' याला मी जन्मभर हसत आलो, ते आता हसत नाही. त्या चार लोकांच्या पुढ्यातून उठून जाणं किती कठीण असतं, ते या प्रकरणाने शिकवलं.

बाई वाचल्या. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर मी जबाब घ्यायला गेलो. नवरा उशाशी होता, शेजारीण दारातच थांबली होती, आत यायला धजत नव्हती. बाईंनी तिला पाहिलं आणि ओठ हलले. मी वाकून ऐकलं.

"माझ्यामुळे तुम्हा सगळ्यांना परत पहिल्यापासून करावं लागलं का गं?"

मी ते त्यांच्याच शब्दांत लिहून घेतलं.