आईच्या डब्यातल्या उरलेल्या गोळ्या

मंडळी, आज दुपारपासून आईचा गोळ्यांचा डबा आठवतोय.

मी यवतमाळच्या एका दवाखान्यात लॅब टेक्निशियन आहे. तांड्यावरच्या एका काकूंच्या रक्तात जंतू सापडले. कोणतं औषध लागू पडेल हे बघायला प्लेटमध्ये सहा औषधांच्या चकत्या ठेवल्या. औषध चाललं, तर चकतीभोवती मोकळं वर्तुळ पडतं. आज वर्तुळ एकाच चकतीभोवती होतं. ते औषध आमच्याकडे नाही, नागपूरहून यायचंय.

काकूंची सून म्हणाली, "ताप आला का घरात उरलेली गोळी देत होती मी, मॅडम."

अँटिबायोटिकच्या गोळ्या अशा अर्धवट घेतल्या की जंतू औषधाला सरावतात. रागवायला तोंड उघडलं आणि आईचा डबा आठवला.

वणीला आमच्या घरी हेच तर चालायचं! ताप उतरला की आई गोळ्या बंद करायची. उरलेल्या पितळी डब्यात. गल्लीत कोणी कण्हलं की डबा उघडायचा. "ने ना वं, फेकाच्या कायले?" सगळे तिला डॉक्टरीणबाई म्हणायचे. मला केवढा अभिमान वाटायचा!

आई गेली. डबा माझ्याकडे आहे. घरी येऊन आधी तोच उघडला. आत चार गोळ्या होत्या. मागच्या महिन्यात ताप उतरल्यावर मीच ठेवलेल्या.

तुमचा डबा कुठे आहे?