सुतकाचा पैसा न घेणारी

आधीच सांगून ठेवतो, इथले भुताखेतांचे अनुभव मी रोज वाचतो आणि त्यातल्या निम्म्यांवर हसतो. उलटे पाय, पांढरी साडी, रिकाम्या घरातला पाळणा... माझा यातल्या कशावरही विश्वास नाही. तरुणपणी नव्हता, आता ऐंशी उलटल्यावरही नाही. मग हा म्हातारा लिहायला का बसलाय? तर परवा नातीशी वाद झाला. ती म्हणाली, "आजोबा, अख्ख्या आयुष्यात एक तरी गोष्ट अशी असेल ना, जिचं उत्तर तुमच्याकडे नाही?" मी नेहमीसारखा तिला झोडपणार होतो, पण तोंडातून निघालं, "एक आहे." ते ऐकून तिलाच जास्त आश्चर्य वाटलं. तिनेच मोबाईलवर मराठी टाईप करून द्यायचं कबूल केलंय, तेव्हा चुका तिच्या आणि गोष्ट माझी.

आमचं गाव दिवाळे, बेलापूरच्या खाडीवर. नवी मुंबई हे नाव तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. कोळ्यांची घरं, मागे तिवरांचं रान, पलीकडे मिठागरं, आणि बाजारहाटाला बेलापूर. साठचं दशक नुकतंच सुरू झालं होतं, दशमान नाणी येऊन थोडी वर्षं झाली होती, पण बायका अजून आण्यातच भाव करायच्या. घरात आम्ही चौघं. आई, थोरला भाऊ बाळाराम म्हणजे माझा दादा, त्याची बायको हिरावहिनी आणि मी, दामोदर. वडील मी लहान असतानाच गेले. दादा मालवाहू मचव्यावर खलाशी होता, कौलं आणि मीठ घेऊन कोकणातल्या बंदरांना फेऱ्या मारायचा. मी मॅट्रिक झालेला, ठाण्याच्या एका कारखान्यात कारकून, आणि स्वतःला गावातला सगळ्यात शहाणा माणूस समजणारा.

या शहाण्या माणसाचा एक नियम होता. भीक घालायची नाही. भिकेनं माणूस आळशी होतो, काम मागितलं तर काम द्यावं, हात पसरला तर पाठ दाखवावी, असं माझं लंबंचौडं भाषण तयार असायचं. दादा बरोबर उलटा. त्याच्या खिशातला पगार घरापर्यंत पोचेल तर शपथ. वाटेत जो हात पुढे येईल त्यावर काहीतरी ठेवायचाच. मी चिडलो की हसून म्हणायचा, "दामू, तू भाषान दे, मी पैसा देतो. दोघांचा भागल."

आमच्या गावात दर मंगळवारी एक म्हातारी यायची. काठी टेकत बेलापूरहून चालत यायची आणि दारोदार फक्त नाणं मागायची, तांदूळ-मासळी काही घ्यायची नाही. नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. हात पुढे करण्याआधी ती प्रत्येक दारात एकच प्रश्न विचारायची, "सुतक-बितक नाय ना गो घरान?" नाही म्हटलं तरच घ्यायची. ज्या घरात दहा दिवस पाळायचे असत, त्या घरचं सोनं पुढे केलं असतं तरी तिने हात लावला नसता. सुतकाच्या घरचं दान घेऊ नये ही रीत सगळीकडेच आहे, पण पोट भुकेलं असलं की पाळतं कोण? ही पाळायची. बायका म्हणून तिला मान द्यायच्या. मी म्हणायचो, धंद्याची युक्ती आहे, सोवळेपणा दाखवला की नाणं मोठं पडतं.

त्या वर्षी पौषात दादाचा मचवा ठरल्या दिवशी परत आला नाही. आठवडा गेला, दोन गेले. आईने बेलापूरच्या बंदरावर फेऱ्या घालून पाय झिजवले. आणि एका सोमवारी सकाळी तिवरांत एक प्रेत अडकलेलं सापडलं.

चेहरा राहिला नव्हता. माशांनी काय केलं होतं ते लिहीत नाही. पण अंगात सदरा होता. निळ्या पट्ट्यांचा, वहिनीने स्वतः शिवलेला, आणि वरून तिसरं बटण लाल, कारण पांढरं बटण संपलं होतं आणि दादाच म्हणाला होता की चालतंय गं. आईने ते लाल बटण बघितलं आणि चिखलातच बसली. पोलीस आले, कागद झाले, संध्याकाळच्या आत आम्ही त्याला जाळून आलो. अग्नी मी दिला. वहिनी रडली नाही. ती नुसतीच बटणाबद्दल विचारत राहिली, दोरा कुठल्या रंगाचा होता म्हणून. मी बघितला नव्हता.

आमच्या घराण्यात बांगड्या दहाव्याला उतरवतात. म्हणजे नऊ दिवस वहिनीच्या हातात हिरव्या बांगड्या होत्या आणि घरातला प्रत्येक माणूस त्यांच्याकडे बघायचं टाळत होता.

दुसऱ्याच दिवशी मंगळवार. दुपारी दारात काठी वाजली. मी ओटीवर होतो. म्हातारी आली, उभी राहिली आणि तिने हात पुढे केला. प्रश्न विचारलाच नाही.

आतून आई म्हणाली, "मावशे, पुढं जा. सुतक हाय."

"नाय," म्हातारी म्हणाली. "घर मोकला हाय. दे."

मला वाटलं, हिला ऐकू आलं नाही. आई बाहेर आली, डोळे सुजलेले, केस मोकळे. "माजा बालाराम गेला गो! काल जालला त्याला! अख्ख्या गावाला ठाव हाय, तुला नाय?"

"घर मोकला हाय," ती तेवढ्याच शांतपणे म्हणाली. हात तसाच.

मी तिला हाकलायला उठलो. खरं सांगतो, काठी हिसकून फेकून द्यावी इतका संताप आला होता. तेवढ्यात वहिनी दारात आली. कालपासून ती कोपऱ्यातून उठली नव्हती.

"भावजी, पैसा द्या तिला."

"वयनी, काय बोलताय?"

"ती सुतकाचा घेत नाय. घेते का बघू दे मला."

आता माझी अवस्था समजून घ्या. मला माहीत होतं, ती घेणारच. पुढे केलेला पैसा कुठला भिकारी सोडेल? आणि तिने घेतला की ही पोरगी त्या एका नाण्यावर आशा बांधून बसेल, आणि दहाव्या दिवशी आम्हाला तिचे हात धरून बांगड्या उतरवाव्या लागतील. दिला तर हे. आणि नाही दिला तर? वहिनी माझ्याकडे बघत होती. वीस वर्षांची होती हो ती! जन्मभर हिने मनात ठेवलं असतं की त्या दिवशी भावजींनी मला बघू दिलं नाही. माझी सगळी भाषणं कुठे गेली कुणास ठाऊक. मी खिशातून दहा नव्या पैशांचं नाणं काढलं आणि म्हातारीच्या हातावर ठेवलं. आयुष्यात घातलेली पहिली भीक.

तिने ते कपाळाला लावलं, पदराच्या टोकाला गाठ मारली आणि पुढच्या दाराकडे गेली. तिथे नेहमीचा प्रश्न ऐकू आला, "सुतक-बितक नाय ना गो घरान?"

वहिनी आत गेली, तोंड धुतलं आणि कपाळाला कुंकू लावलं.

पुढचे सात दिवस कसे गेले ते विचारू नका. गावात बोभाटा झाला. भावकीतल्या बायका येऊन सांगून गेल्या की पोरीच्या डोक्यावर परिणाम झालाय, हिला माहेरी पाठवा. आई वहिनीशी बोलेना. माझ्याशी तर नाहीच, कारण पैसा मी दिला होता. मी रात्रंदिवस स्वतःला शिव्या घालत होतो. बेलापुरात दोनदा जाऊन त्या म्हातारीला शोधलं, तिला घेऊन यायचं आणि वहिनीसमोर कबूल करायला लावायचं की पैशासाठी खोटं बोलले. ती सापडली नाही. वहिनी मात्र शेजारून आलेल्या पेजेतली दादाची वाटणी रोज वेगळी काढून ठेवायची. ते बघवत नव्हतं.

नववा दिवस, मंगळवार. सकाळी साडेनऊ-दहाची वेळ. मिठागराच्या बांधावरून एक माणूस चालत येताना दिसला. हाडांचा सापळा झालेला, कुणाचा तरी ढगळ कोट घातलेला. मी बघत राहिलो. चाल ओळखीची होती.

दादा होता.

मी किंचाळलो. खोटं कशाला सांगू, मी आधी मागे पळालो. ज्याला माझ्या हाताने अग्नी दिला तो माझ्याकडे बघून म्हणत होता, "दामू, डोक्याला काय झाला रं? असा काय बघतंस?" वहिनी माझ्या बाजूने धावत गेली आणि बांधावरच त्याच्या पायाशी कोसळली. तेव्हा कुठे ती रडली.

गोष्ट साधीच निघाली. मचव्यावर त्याला ताप चढला, तांडेलाने, म्हणजे मचव्याच्या कप्तानाने, दिघी बंदरात एका ओळखीच्या घरी उतरवलं आणि मचवा तसाच पुढे दक्षिणेला गेला. महिनाभर शुद्ध-बेशुद्ध. निरोप कोण देणार? आणि सदरा? दादा ओशाळून म्हणाला, "निघायच्या दिवशी बंदरावर एक जन पैसा मागत व्हता. माज्याकडं काय नव्हता. थंडीनं कुडकुडत व्हता बिचारा, तं सदरा काढून दिला."

म्हणजे आम्ही त्याला जाळलं होतं. दादाच्या सदऱ्यातल्या त्या भिकाऱ्याला. आई एकदम म्हणाली, "तो पन कुनाचा तरी पोर व्हता." आणि इतक्या आनंदातही तिने त्याच्यासाठी दोन आसवं गाळली.

घरात नऊ दिवसांनी चूल पेटली. आईने दादाला पेज भरवली, भिंतीला टेकून बसली आणि त्याचं डोकं मांडीवर घेतलं, लहान मुलासारखं. तो लगेच झोपला. वहिनीने खीर करायला घेतली आणि मला गूळ आणायला पिटाळलं. मी अक्षरशः पळत गेलो आणि पळत आलो.

परत आलो तर दारात म्हातारी उभी.

तिला बघून मला काय वाटलं ते शब्दांत येणार नाही. मी खिशातली एक रुपयाची नोट काढली आणि तिच्यापुढे धरली. "घे, मावशे, घे! आला ना दादा! तू म्हणाली तसाच आला!"

तिने हात मागे घेतला. दोन्ही हात काठीवर घट्ट धरले.

"नको रं पोरा. आता सुतक हाय."

मी हसलो. "अगं, तो जिवंत आहे! आत झोपलाय."

"ठाव हाय मला."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला, म्हणजे मला तसं वाटलं. ती त्या जाळलेल्या माणसाबद्दल बोलत असणार, तिच्यासारखाच मागून खाणारा, तिच्या ओळखीचा असेल. मी म्हटलं, "मावशे, तो आमचा कोण नव्हता. त्याचं सुतक आम्हाला नाही." ती माझ्या खांद्यावरून आत दाराकडे बघत होती. वळली आणि गेली. शेजारच्या दारातही थांबली नाही.

मी आत शिरलो. चुलीपाशी वहिनी गुणगुणत होती. आई भिंतीला टेकून तशीच बसलेली, डोळे मिटलेले, हात दादाच्या केसांत. "आई, ती म्हातारी काय बोलली ऐकलंस का?" म्हणून मी तिच्या खांद्याला हात लावला.

ती हळूच एका बाजूला कलली.

मला एवढंच आठवतं की मी गुळाची पुडी हातात धरून उभा होतो आणि विचार करत होतो की दादाला उठवू कसा. तो त्या मांडीवर इतका शांत झोपला होता... नऊ दिवस ती मेलेल्या मुलासाठी रडत बसली होती आणि मुलगा जिवंत आल्यावर स्वतः गेली. केव्हा गेली, आम्हाला कुणालाच कळलं नाही. चार हातांवर असलेल्या वहिनीला नाही, मांडीवर झोपलेल्या दादाला नाही. दाराबाहेर उभ्या असलेल्या त्या बाईला कळलं होतं.

पुढचा मंगळवार ती आली नाही. त्याच्या पुढच्या मंगळवारी, सुतक फिटल्यावर, आली. दारात उभी राहून विचारलं, "सुतक-बितक नाय ना गो घरान?" मी तिच्यापुढे जाऊन बसलो, हात जोडले, म्हटलं, मावशे, तुला कसं कळलं तेवढं सांग. ती गोंधळून माझ्याकडे बघत राहिली. "मला काय कलनार बाबा? मी तं पैसा मागते." दादाने पैसा दिला, तो घेऊन ती गेली. पुढे दोन-तीन वर्षं येत होती, मग यायची बंद झाली.

मी हार मानलेली नाही. ती बंदरावरही मागायची, तेव्हा दादाने त्या भिकाऱ्याला सदरा दिलेला तिने बघितला असेल, प्रेताबद्दल ऐकून तिने दोन आणि दोन चार केले असतील. पहिल्या वेळचं हे लॉजिक मला पटतं. दुसऱ्या वेळचं? साठ वर्षं झाली, काही सुचलेलं नाही. डॉक्टर मित्र म्हणाला, आनंदाच्या धक्क्याने हृदय बंद पडलं. पडलं असेल. ते मी विचारलंच नव्हतं.

आता पामबीच रोडच्या सिग्नलला गाडी थांबली की काचेवर टकटक होते. मुलगा म्हणतो, "बाबा, देऊ नका, हे सगळं रॅकेट असतं." त्याचं म्हणणं मला पटतं, ती सगळी माझीच जुनी भाषणं आहेत. तरी मी काच खाली करतो आणि नाणं पुढे धरतो. त्याला वाटतं, म्हातारपणी बाबा पुण्य जोडतायत. पुण्याशी माझं काही देणंघेणं नाही. समोरचा हात ते नाणं उचलेपर्यंत मी त्यावरून नजर काढत नाही, आणि त्याने उचललं की घरी सगळे बरे आहेत ना, हे विचारायला फोन लावत नाही, एवढंच.